परातीतला सूर्य

चांदा,
ता. ५ जानेवारी १९५६

चि. सोमाजी यास,

आशीर्वाद. तुझे पत्र काल दुपारच्या टपालाने आले. रुखमाचा खोकला गेला असेल, धान खळ्यावरून घरात आले असेल, असे धरून चालते. इकडे थंडी फार. वसतिगृहातल्या मुली सकाळी शेकोटी सोडत नाहीत आणि प्रार्थनेला उशिरा येतात. कुशल म्हणून लिहायचे ते एवढेच.

आता तुझ्या पत्राविषयी. "तुह्या शाळेनं माह्या पोरीचा डोरा खाल्ला," असे तू पहिल्याच ओळीत लिहिलेस आणि पुढे दोन पाने तेच. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या अक्षराला मी नावे ठेवणार नाही. मजकुराला ठेवते. शिव्या द्यायच्या तर कशाबद्दल, ते तरी नीट ठाऊक हवे.

चौदा डिसेंबरला दुपारी सूर्यग्रहण होते. ते आपल्याकडे अर्ध्याहून अधिक दिसणार हे मला महिनाभर आधी माहीत होते, आणि हायस्कूलच्या मुलींना ते दाखवणे हे माझे काम होते. मी त्यांना विश्वाची ओळख शिकवते, कीर्तन शिकवत नाही. एकतीस काचा मी स्वतः रॉकेलच्या चिमणीवर धरून काजळल्या, दोनदोन पुटे दिली, कडांना कागद चिकटवला. काचेशिवाय कोणीही वर पाहायचे नाही हे तीन दिवस रोज सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी अन्नपूर्णा मला म्हणाली, "आत्याबाई, फळ्यावरच्या अक्षराच्या मधोमध काळा ठिपका दिसते." मी त्याच आठवड्यात तिला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध भाजला आहे, असे ते म्हणाले. उजवा डोळा पुष्कळसा निवळेल, डाव्यातला डाग राहील. चष्म्याने जाणार नाही, औषधाने जाणार नाही. वाचायला हरकत नाही, हेही ते म्हणाले. ते तू ऐकून घेतले नाहीस. तीस तारखेला आलास, चालू तासातून मुलीला उठवलेस, तिची पेटी डोक्यावर घेतलीस आणि मला न भेटता चांदा फोर्टच्या स्टेशनावर गेलास. शाळेच्या शिपायाने मला सांगितले की तुमचे भाऊ आले होते. माझ्याच शाळेत मला हे शिपायाकडून कळावे.

राहूचे तू जे लिहिलेस त्याला उत्तर द्यायची मला लाज वाटते, पण देते, कारण तू ते मुलीला ऐकवत असणार. राहू नाही, केतू नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना कधी कधी सूर्याच्या आड येतो, बस्स. तू खळ्यावर उभा असताना डोळ्यापुढे अंगठा धरलास तर समोरचा डोंगर झाकतो. अंगठ्याने डोंगर गिळला म्हणून तू स्नान करतोस काय? चंद्र सूर्याहून चारशे पटींनी लहान आहे आणि चारशे पटींनी जवळही आहे, म्हणून दोन्ही आपल्याला सारखेच दिसतात. हे तुझ्या मुलीला येते. तिला विचार. दहावीच्या वर्गात तिच्याइतके नीट कोणी सांगत नाही.

"शिवाशिव न पाळता गिऱ्हाणात पोरी अंगनात उभ्या केल्या," असेही लिहिलेस. केल्या. आमची स्वयंपाकीण आशाबाई हिनेही त्या दिवशी असाच गोंधळ मांडला होता. सकाळीच चूल विझवून बसली. मग अंगणात परात आणून तीत शेण कालवलेले पाणी ओतले आणि मधोमध मुसळ उभे केले. ग्रहण लागले की मुसळ आपोआप उभे राहते आणि सुटले की पडते, अशी तुमच्याकडच्या बायांची समजूत. ग्रहण पाहायचे तेही त्याच शेणाच्या पाण्यात. "पाहा वो बाई, मुसर कसा उभा राह्यला!" मी म्हटले, "आशाबाई, त्याचे बूड सपाट आहे. ते उद्याही उभे राहील आणि पोळ्यालाही राहील." मुली हसल्या. ती रागावली. मी ते शेण तिथल्या तिथे ओतून दिले, परात चिंच लावून आरशासारखी घासून घेतली, स्वच्छ पाणी भरले आणि तेच मुसळ तीत उभे करून दाखवले. राहिले उभे! त्यावरही ही बाई काय म्हणाली असेल? "आमच्या शेनाच्या पान्यात एवढे डोरे नाई दिपत वो." शेणात काय विज्ञान आहे, असे मी तिला विचारले. याला म्हणतात अडाणीपणा, आणि तो तुझ्या पत्रात ओळीओळीला आहे.

अन्नपूर्णेने उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले, असे तिने शाळेच्या समितीपुढे स्वतः सांगितले आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातून असे होते. त्याची शिक्षा तिला पुरेशी मिळाली. तीत तू भर घालू नयेस.

आणि तू घालतो आहेस. कुरखेड्याच्या मुखरूभाऊंकडे तू तिच्या लग्नाचे बोलणे लावलेस. डोळ्याची बातमी तिकडे पोचायच्या आत उरकून टाकायचा तुझा बेत आहे, हे मला कळायला ज्योतिषी लागत नाही. मॅट्रिकला एक वर्ष उरले आहे. एक. शाळेत तिच्या नावापुढे मी अजून 'आजारी' लिहिते. महिनाअखेर नाव कमी करावे लागेल. त्याआधी तिला परत पाठव.

मनकर्णा
बी. ए., बी. टी.

---

चांदा,
ता. १६ जानेवारी १९५६

सोमाजी,

संक्रांत झाली. तीळगूळ पाठवला नाही, तुझ्याकडूनही आला नाही. दोघांनी हिशेब बरोबर ठेवला.

तुझे उत्तर आले. या वेळी एकच पान, म्हणून जास्त वाईट. "खोटी बोलनारी अन् न आयकनारी पोट्टी शिकून कोनता उजेड पाडनार हाय? तूच म्हन्तेस तिनं आयकलं नाई. मंग माह्या घरीच राहू दे, इथी तरी आयकन." म्हणजे माझेच वाक्य उचलून तू माझ्या तोंडावर मारलेस. चौथी शिकलास, पण वाद घालायला तुला कुठल्या कॉलेजात जायला नको.

पुढे तू लिहिलेस ते मी तीनदा वाचले. "इचारलो, काऊन पाह्यलीस वं? त म्हन्ते, माह्यी चूक झाली बाबा. आत्याबाईनं नोको म्हनलं होतं का? त म्हन्ते, हो. दोन थापडा देल्लो तरी तेच." हे तू अभिमानाने लिहिलेस की काय ते समजत नाही. तिच्यावर पुन्हा हात टाकू नकोस. आधीच एका डोळ्याने अधू झालेल्या मुलीच्या तोंडावर मारणारा बाप मी आपल्या घराण्यात पाहिला नव्हता.

ती खळ्यात कोहळा ठेवते, चाळीस पावले मोजत जाते आणि तिथे ज्वारीचा दाणा ठेवते, सगळे गाव हसते, असे तू लिहिलेस. हसू दे. कोहळा म्हणजे सूर्य धरला तर पृथ्वी त्या दाण्याएवढी आणि तेवढ्या अंतरावर. चंद्र म्हणजे दाण्यापासून चार बोटांवर एक खसखस. आणि सूर्याच्या सगळ्यांत जवळचा तारा म्हणजे दुसरा कोहळा ठेवायचा तर पाच हजार मैलांवर, विलायतेच्याही पलीकडे. मधे सगळी रिकामी जागा. हा माझ्या पुस्तकातला दुसरा धडा आहे, आणि तो ती गावाला शिकवते आहे. तू ज्याला वेड म्हणतोस त्यासाठी मी तिला वर्गात पहिले बसवत असे. ती खसखस कुठून आणते? तिच्या आईनेच दिली असणार. रुखमाला माझा आशीर्वाद सांग.

पुस्तकाचे तुला सांगितले नव्हते, आता सांगते. 'हायस्कूलच्या मुलांसाठी विश्वाची ओळख' असे मी दोनशे पाने लिहून शिक्षणखात्याकडे पाठवले आहे. पृथ्वीपासून आकाशगंगेपर्यंत, सोप्या मराठीत. असे पुस्तक आपल्याकडच्या मुलांना नाही. इंग्रजी येणाऱ्याने आकाश पाहावे आणि बाकीच्यांनी पंचांग, अशी सध्या वाटणी आहे. खात्याचा निकाल येत्या महिन्यात आहे. मुख्याध्यापिकेची जागाही जूनमध्ये रिकामी होते आहे. हे सांगायचे कारण एवढेच की समितीच्या लोकांनी चौकशी केली तेव्हा मला बोलताना पुष्कळ विचार करावा लागला. एवढेच.

तू बाबांचे काढलेस. "बाबानं तुले नागपूरले धाडलं, माह्या हाती नांगर देल्ला. तू आकाश पाह्यलीस, मी चिखल." तीस वर्षांत हे तू पहिल्यांदा लिहिलेस. बोलून दाखवले नाहीस तरी मला ठाऊक होते. नवऱ्याच्या घरी जायच्या आत मी विधवा झाले, म्हणून बाबांनी मला शिकवले. मी हुशार होते म्हणून नव्हे. हुशार तू होतास. पाढे तुला माझ्या आधी येत. पण शेताला माणूस हवे होते आणि विधवा मुलगी शेताच्या उपयोगाची नव्हती. यात माझा काय दोष? दोष नसला तरी तू माझ्याशी कधी नीट बोलला नाहीस, आणि मीही बोलायला आले नाही. मग तीन वर्षांपूर्वी एके दिवशी तू आपणहून अन्नपूर्णेला माझ्या दारात आणून उभे केलेस. "हिले तुह्यासारखी कर, बाई," म्हणालास. पाणीही न पिता गेलास.

आशाबाई माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण बोलत नाही. ती परात तिने माझ्या खोलीत आणून ठेवली आहे. "हे तुमच्याजवर राहू द्या," म्हणाली. कणीक आता लाकडी काथवटीत मळते. मी तिला कारण विचारले नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मागतोस: आयकलं नाई ते आयकलं नाई ना? हो किंवा नाही सांग. मी तुला बांधील नाही. समितीपुढे तिने जे सांगितले ते लेखी आहे. ते तसे असेल. मुलगी उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहते किंवा

एवढेच लिहून मला वर्गावर जावे लागले. आता संध्याकाळ झाली आहे आणि ते वाक्य पुरे करायला मला वेळ नाही.

मुखरूभाऊ पुढच्या गुरुवारी सव्वीसला मुलगी पाहायला येणार म्हणतोस. त्यांना थांबव. कारण मागितले तर माझ्याकडे बोट दाखव. मी वाईट बाई आहे हे कुरखेड्यापर्यंत माहीत आहे.

मनकर्णा

---

चांदा,
ता. २१ जानेवारी १९५६

सोमा,

हे पत्र टपालात टाकत नाही. आशाबाई घेऊन येते आहे. लहान गाडीने वडशापर्यंत येईल, पुढे मिळेल त्या गाडीने. तिला आधी जेवू घाल आणि मग वाच. पत्राबरोबर पितळी परात आहे आणि एक वही आहे. वही शेवटी उघड.

मागच्या पत्रात जे वाक्य अर्धे सोडले ते पुरे करते. तुझ्या मुलीने उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले नाही. ना क्षणभर, ना अर्धा क्षण. मी नको म्हटले होते आणि तिने ऐकले.

मुली बत्तीस होत्या. काचा मी एकतीसच केल्या. बत्तिसावी केलीच नाही, कारण अन्नपूर्णेला मी वेगळे काम दिले होते. पहिल्या पत्रात परातीची गोष्ट मी तुला हसण्यासारखी म्हणून सांगितली. तिथेच ती संपत नाही. शेण ओतले, परात घासली, मुसळ उभे केले. आशाबाई तरी म्हणत राहिली की नुसत्या पाण्यात ग्रहण दिसत नाही, शेणाचेच पाणी लागते. मी चिडले. इतक्या मुलींसमोर स्वयंपाकघरातली बाई मला शिकवते, याचा राग आला. मी अन्नपूर्णेला हाक मारली. "तू इथे परातीपाशी बस. माझे घड्याळ घे. दर पाच मिनिटांनी सूर्याचे प्रतिबिंब कसे बदलते ते लिहून काढ, सुरुवातीपासून सुटेपर्यंत. आशाबाईला वाचून दाखवू." ती म्हणाली, "आत्याबाई, सगळा वेळ?" मी म्हटले, "शास्त्रात अर्धवट चालत नाही."

ती बसली. इतर मुली काच लावून घटकाभर पाहत होत्या, मग गप्पा मारत होत्या, चिंचा खात होत्या. ती साडेतीन तास परातीवरून उठली नाही. मी एकदा तिच्या खांद्यावरून डोकावले. पाणी निवळशंख, खाली घासलेले पितळ, आणि त्यात सूर्य इतका लखलखीत की मीच मान फिरवली. आणि म्हणाले, "पाहिलेस, किती स्वच्छ दिसतो!"

नागपूरच्या डॉक्टरांना मी परातीचे सांगितले. अन्नपूर्णा बाहेर बाकावर होती. ते म्हणाले, "बाई, ती परात नव्हे, आरसा झाला. तळ खोलगट असेल तर त्याहूनही वाईट." शेणाने पाणी गढूळ होते, तळाचे पितळ झाकले जाते, सूर्य मंद दिसतो. तेही पुरते सुरक्षित नाही, पण माझ्या स्वच्छ पाण्यापेक्षा बरे. आशाबाईने मला नेमके तेच सांगितले होते, तिच्या शब्दांत. गणित घेऊन बी. ए. झालेल्या बाईला एवढे कळायला हवे होते. मी मुलींना प्रकाशाचे परावर्तन शिकवते, सोमा. आठवीच्या वर्गात, दर वर्षी, आरसा हातात घेऊन.

मुसळाचे मात्र मी मागे घेत नाही. ते कोणत्याही दिवशी उभे राहते.

आता समितीचे. तेवीस डिसेंबरला चार गृहस्थ आले. अन्नपूर्णेला मधे उभे केले. अध्यक्षांनी विचारले, "डोळ्याला हे कसे झाले? बाईंनी काही करायला सांगितले होते का?" तिने माझ्याकडे पाहिले. तेव्हाही ती थोडी मान वळवून पाहत होती, कारण सरळ पाहिले की माझे तोंड त्या डागात जाई. मी काही बोलले असते तर तिने ते बोलू दिले असते. मी टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मग ती म्हणाली, "मीच उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आत्याबाईंनी नको म्हटलं होतं." त्यांनी ते लिहून घेतले, तिची सही घेतली. मला म्हणाले, "तुमचा दोष नाही, बाई." मी आभार मानले. होय, मी आभार मानले.

नंतर तिला मी विचारलेही नाही की असे का सांगितलेस. मला ठाऊक होते. माझ्या पुस्तकाची सगळी पाने तिने मला स्वच्छ अक्षरात उतरून दिली आहेत. ते पुस्तक माझ्याइतकेच तिचे आहे. ते बुडू नये म्हणून ती खोटे बोलली, आणि तेच खोटे तुझ्या थापडा खाऊनही तिने सोडले नाही. तू तिला न ऐकणारी म्हणतोस. तिच्याएवढे कोणी ऐकत नाही, हेच तर तिचे नुकसान झाले. आणि खोटे ती एकदाच बोलली, तेही मी गप्प बसले म्हणून.

तुला मारायचे होते तर मला मारायचे होतेस.

आज सकाळी समितीला मी हे सगळे लिहून दिले आहे, सहीनिशी. शिक्षणखात्यालाही लिहिले, की ग्रहणाच्या धड्यातला 'स्वच्छ पाण्याच्या परातीत प्रतिबिंब पाहावे' हा परिच्छेद काढावा. तो परिच्छेद मी ग्रहणाच्या आधीच लिहून ठेवला होता, म्हणजे मला किती खात्री होती ते पाहा. पुस्तक छापले जाईल असे आता वाटत नाही. जूनची जागाही नाही. असलेली राहिली तर नशीब. त्याबद्दल तू मला काही लिहू नकोस. तुला आनंद झाला तर तोही कळवू नकोस.

पण एक गोष्ट मी तुझ्याकडून घेणार आहे. ती मागत नाही, घेणार आहे. गुरुवारी मुखरूभाऊ ओसरीवर बसले की हे पत्र त्यांच्यापुढे मोठ्याने वाच. तुला जड गेले तर अन्नपूर्णेकडून वाचून घे. उजव्या डोळ्याने तिला वाचता येते, डॉक्टरांनी सांगितलेच आहे. डोळ्याची गोष्ट लपवून मुलगी द्यायची नाही, आणि डोळा गेला म्हणूनही द्यायची नाही. आधी मॅट्रिक. नंतर त्यांना मुलगी हवी असेल तर ती स्वतः सांगेल. त्यांना ती न्यायची असेल तर सगळे ऐकून न्यावी, आणि तिची इच्छा असेल तरच न्यावी. तिला शाळेतून काढण्याचे तुझे एकच कारण होते, की ती ऐकत नाही आणि खोटे बोलते. ते कारण मी या पत्राने काढून घेतले. दुसरे असेल तर लिही. राहू सोडून.

भामरागडकडची बुधरी म्हणून एक माडिया मुलगी तिच्या खोलीत असते. अजून रोज संध्याकाळी ती दोघींच्या चटया शेजारी शेजारी घालते. अन्नपूर्णेने तिला एक पत्र पाठवले, ते तिने मला वाचायला दिले. लिहिते: "सप्तर्षींचे सात तारे, तू सांगितलेली ती म्हातारीची खाट, मी उजवा डोळा झाकून पाहिली. सरळ पाहिलं तर म्हातारीही नाही, खाटही नाही, ती पळवणारे तिघे चोरही नाहीत. बाजूला पाहिलं की हळूच सगळे येतात. आत्याबाईंनी शिकवलंच होतं, अंधुक तारा पाहायचा तर त्याच्या शेजारी पाहा. आता मला सगळंच तसं पाहावं लागते, त्याचा सराव आधीच झाला हे बरं." बुधरी हसत होती. म्हणाली, "बाई, अन्नू किती गमतीनं लिहिते!" मी पत्र तिला परत दिले आणि खोलीत गेले.

परात रुखमाला दे. तिने तीत कणीक मळावी, धान पाखडून ठेवावे, शेणाचे पाणी करावे, काहीही करावे. माझ्या खोलीत ती मला नको.

आता वही उघड. तारीख चौदा डिसेंबर. पहिली नोंद: "११-२०. सूर्य पूर्ण गोल. पाणी स्थिर." अक्षर पाहा, छापल्यासारखे आहे. "११-५०. पश्चिमेकडून नखाएवढा तुकडा कमी." "१-१५. अर्ध्याहून जास्त गेला. उजेड पिवळा झाला. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या." पुढे पुढे ओळी एकमेकींवर चढू लागतात. मी ही वही त्या संध्याकाळी तपासली आणि लाल शाईने वरती लिहिले, 'अक्षर खराब होत गेले आहे. लक्ष द्यावे.' तो लाल शेरा तुला दिसेल. खोडलेला नाही. राहू दे.

शेवटची नोंद दोन पन्नासची आहे. ती मी त्या दिवशी वाचली आणि पान उलटले. महिनाभर ही वही माझ्या गादीखाली होती. तू ती गुरुवारी पत्राबरोबर मोठ्याने वाच:

"२-५०. ग्रहण सुटले. सूर्य पुन्हा गोल. पण मध्ये काळा डाग दिसतो. परातीत आहे की सूर्यावर आहे, आत्याबाईंना विचारणे."

तिने विचारले नाही. मी तेव्हा आशाबाईला, ग्रहण सुटले तरी मुसळ उभेच आहे, ते दाखवत होते.

सोमवारी तीसला सकाळच्या गाडीवर मी फोर्टच्या स्टेशनावर उभी राहीन. तू तिला घेऊन येशील तर या वेळी पाणी पिऊन जा. आला नाहीस तर मी मंगळवारीही उभी राहीन. महिनाअखेर तोच आहे.

तिला सांग, डाग परातीत नव्हता. सूर्यावरही नव्हता. हे मी तिला समोरासमोर सांगायला हवे होते.

तुझी बाई,
मनकर्णा